विजेच्या खांबावरची दुसरी तार

सप्टेंबर २०१० मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा या मध्यम आकाराच्या शहराच्या वीज मंडळाने जाहीर केले, की आमच्या हद्दीतल्या कोणत्याही ग्राहकाला सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे इंटरनेट मागितल्यावर मिळेल. ग्राहक शहराच्या मध्यवस्तीतला असो, नाहीतर डोंगरापलीकडच्या रस्त्याच्या शेवटच्या खांबावरून वीज घेणारा असो, दोघांना सेवा एकच. अमेरिकेतल्या घरगुती ब्रॉडबँडचा सरासरी वेग तेव्हा याच्या एक टक्काही नव्हता. गूगलने आपल्या पहिल्या फायबर शहराची, कॅन्सस सिटीची, घोषणा केली ती पुढच्या वर्षी. चॅटनूगाच्या या सेवेचा दर सुरुवातीला महिन्याला ३५० डॉलर होता. एवढ्या पैशात ती घेणारे अर्थातच थोडे होते, पण काही वर्षांतच हा दर ७० डॉलरच्या घरात आला, २०१५ मध्ये वेग दहा गिगाबिटपर्यंत गेला आणि २०२२ मध्ये पंचवीसपर्यंत. शहराला ‘गिग सिटी’ हे नाव पडले आणि जगभरच्या नगरपालिकांचे पाहुणे तिथे येऊ लागले. त्यांतल्या बहुतेकांच्या डोळ्यांत भरला तो इंटरनेटचा वेग. मला वाटते, पाहण्यासारखी गोष्ट वेगळी होती. हे मंडळ फायबरकडे वळले ते वीज नीट देता यावी म्हणून. घरोघरचे इंटरनेट हे त्याच तारेच्या उरलेल्या क्षमतेतून निघालेले दुसरे पीक. वीज कंपन्यांनी ब्रॉडबँडमध्ये उतरावे की नाही, याचे उत्तर माझ्या मते या क्रमात आहे. वीज आधी आणि इंटरनेट नंतर असा क्रम जिथे पाळला गेला, तिथे हा प्रयोग टिकण्याची शक्यता मोठी. जिथे नुसता नवा धंदा म्हणून तो सुरू झाला, तिथे अनेकदा वीजग्राहकांना त्याची किंमत मोजावी लागली.

हे मंडळ म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड, तिथल्या लोकांच्या तोंडी ‘ईपीबी’. १९३५ मध्ये राज्याच्या कायद्याने ते स्थापन झाले. मालकी शहराची. तो काळ समजून घेण्याजोगा आहे, कारण त्या वेळी अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. खासगी कंपन्यांचा हिशेब सरळ होता. मैलभर तार ओढायची आणि तिच्यावर दोन-तीन घरे मिळायची, तर खर्च निघणार कसा? यावर तोडगा म्हणून १९३३ मध्येच संघराज्य सरकारने टेनेसी व्हॅली अथॉरिटी उभी केली, नद्यांवर धरणे बांधली आणि स्वस्त वीज शहरांच्या मंडळांना व शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना घाऊक विकायला सुरुवात केली. १९३९ मध्ये या अथॉरिटीने आणि स्थानिक शहरांनी मिळून तिथली मोठी खासगी वीज कंपनी विकत घेतली आणि चॅटनूगाचे वितरण ईपीबीकडे आले. सत्तर वर्षांनंतर ब्रॉडबँडच्या बाबतीत तोच हिशेब, तोच नकार आणि तोच तोडगा पुन्हा समोर आला. वीज मंडळाच्या रक्तातच एक गोष्ट असते, ती म्हणजे हद्दीतल्या प्रत्येक घराला जोडणी देण्याचे बंधन. दूरसंचार कंपनी फायद्याची गल्ली निवडू शकते. वीज मंडळाला तशी निवड नसते, आणि त्याचे खांब त्या प्रत्येक घरापाशी आधीच उभे असतात.

आता विजेला फायबर कशाला लागते, ते जवळून पाहू. उपकेंद्रातून एक फीडर निघतो आणि काही हजार घरांना वीज देत जातो. वादळात झाडाची फांदी तारांवर पडली की उपकेंद्रातला ब्रेकर ट्रिप होतो आणि अख्ख्या फीडरवरची लाईट जाते. दोष एका खांबाजवळ, अंधार हजारो घरांत. मग ग्राहकांचे फोन सुरू होतात, कर्मचारी गाडी काढतात, खांबाखांबाने फॉल्ट शोधतात, मधले स्विच हाताने उघडून चांगला भाग वेगळा करतात आणि तो दुसऱ्या बाजूने चालू करतात. तासनतास जातात. चॅटनूगाने आपल्या वाहिन्यांवर सुमारे १२०० स्वयंचलित स्विच बसवले. फीडरचे छोटे छोटे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक स्विच आला. फांदी पडताच त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे स्विच आपापसात बोलतात, दोष कुठे आहे ते ठरवतात, तेवढाच भाग तोडतात आणि बाकीच्या घरांना शेजारच्या फीडरवरून वीज देतात. जुन्या पद्धतीचा रीक्लोजर फांदी बाजूला झाली का हे पाहायला पूर्ण दाबाने वीज पुन्हा सोडून पाहतो, त्यात तारा आणि रोहित्रे भाजून निघतात. हे नवे स्विच क्षणभर अगदी बारीक झटका सोडून आधी चाचपतात आणि मगच जोडणी करतात. हे सगळे सेकंदा-दोन सेकंदांत व्हायचे तर स्विचमधला संवाद तितकाच जलद आणि भरवशाचा हवा. मोबाइलच्या जाळ्यावर तो सोपवता येतो, पण वादळात वीज गेली की मोबाइलचा मनोराही काही तासांनी बंद पडतो, आणि स्विचला बोलायची खरी गरज तेव्हाच असते. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो. त्याला शेजारच्या उच्चदाब तारेचा त्रास नाही, विजेच्या कडकडाटाचा व्यत्यय नाही.

५ जुलै २०१२ रोजी चॅटनूगावर जोराचे वादळ आले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने या प्रकल्पाची जी नोंद केली तिच्यानुसार, जुनी व्यवस्था असती तर सुमारे ८० हजार ग्राहक अंधारात गेले असते. स्विचांनी दोनेक सेकंदांत निम्म्या लोकांची वीज परत आणली आणि खंडित ग्राहकांची संख्या ४० हजारांच्या आत राहिली. उरलेल्यांची दुरुस्तीही लवकर संपली, कारण कोणत्या खांबांमध्ये बिघाड आहे हे कर्मचाऱ्यांना आधीच कळलेले होते. या एका वादळात मंडळाचे सुमारे १४ लाख डॉलर वाचले. शिवाय दर पंधरा मिनिटांनी मीटरचे वाचन येऊ लागले, वीजचोरी आणि गळती दिसू लागली, संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी व्होल्टेज थोडे आवरून घाऊक खरेदीचे बिल कमी करता येऊ लागले. यातला एकही फायदा घरात बसून सिनेमा पाहणाऱ्याशी संबंधित नाही. समजा एकाही ग्राहकाने ईपीबीचे इंटरनेट घेतले नसते, तरी या तारेचा मोठा वाटा वीजधंद्यातच वसूल झाला असता. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हाच आहे.

आणि या कामाला तारेची क्षमता लागते किती? अगदी नगण्य. स्विच आणि मीटर मिळून जी माहिती पाठवतात ती एका तंतूच्या क्षमतेचा कणभर भाग असते. फायबरच्या खर्चात काच स्वस्त असते. महाग असते ती तार खांबावर चढवायची मजुरी, परवानगी, वाहने, माणसे. बारा तंतूंची केबल टांगा नाहीतर शंभर तंतूंची, गाडी आणि माणसे तेवढीच लागतात. म्हणजे विजेच्या कामासाठी केबल एकदा चढवली की बाकीचे तंतू जवळजवळ फुकटात हाती येतात. ते रिकामे ठेवायचे, दुसऱ्याला भाड्याने द्यायचे, की स्वतः त्यावरून सेवा विकायची, एवढाच निर्णय उरतो. ईपीबीने स्वतः विकायचे ठरवले.

पैशाचा हिशेब असा मांडला गेला. २००८ मध्ये मंडळाने सुमारे २२ कोटी डॉलरचे रोखे काढले. मूळ बेत दहा वर्षांत जाळे पसरवण्याचा होता. त्याच सुमारास मंदी आली आणि ओबामा सरकारच्या उत्तेजन योजनेतून ११ कोटी १६ लाख डॉलरचे अनुदान मिळाले, तेही स्मार्ट ग्रिडच्या नावे. त्यामुळे दहा वर्षांचे काम तीन वर्षांच्या आत झाले. राज्याच्या कायद्याची अट अशी होती, की इंटरनेट विभागाचा तोटा वीजग्राहकाच्या माथी मारायचा नाही. म्हणून फायबर विभागाचे हिशेब वेगळे ठेवले गेले, आणि वीज विभागाच्या मालकीची तार वापरल्याबद्दल तो वीज विभागाला दरवर्षी पैसे देतो. ते पैसे वीजधंद्यात जमा होत असल्यामुळे दरवाढीचा काही भार त्यांनी उचलला, असे मंडळ सांगते. आज इंटरनेटचे ग्राहक एक लाखाहून अधिक आहेत, आणि मंडळाचे वीजग्राहक पावणेदोन लाखांच्या आसपास. तुलना केली की लक्षात येते, की सक्ती नसताना, समोर बलाढ्य केबल कंपनी असताना, निम्म्याहून अधिक घरांनी वीज देणाऱ्याकडूनच इंटरनेट घेतले.

खांबांच्या मालकीला किती महत्त्व आहे हे त्याच टेनेसीत, दोनेकशे किलोमीटरवरच्या नॅशव्हिलमध्ये दिसले. अमेरिकेत खांबावर जागांची वाटणी ठरलेली असते. सर्वांत वर विजेच्या तारा, मग साधारण एक मीटरचे मोकळे सुरक्षित अंतर, आणि त्याखाली टेलिफोन व केबलवाल्यांची जागा. नव्या कंपनीला तार टांगायची तर खालच्या प्रत्येक जुन्या कंपनीने आपापली तार वर-खाली सरकवून जागा करून द्यायची. प्रत्येकाची माणसे वेगळी, प्रत्येकाची तारीख वेगळी. प्रतिस्पर्ध्याला जागा करून द्यायची घाई कोणाला असणार? गूगलसारखी पैशाला कमी नसलेली कंपनी नॅशव्हिलमध्ये या खांबांवर अडली. सप्टेंबर २०१६ मध्ये शहराने नियम केला की एकाच पथकाने एकाच फेरीत सगळ्यांच्या तारा सरकवाव्यात. एटी अँड टी आणि कॉमकास्ट न्यायालयात गेल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्द झाला. चॅटनूगात हा प्रश्न एवढा उग्र झाला नाही. खांब वीज मंडळाचे, आणि धातूचा अंशही नसलेली फायबर केबल वीज कर्मचारी थेट विजेच्या जागेत टांगू शकतात. तिथे दुसऱ्या कोणाची माणसे चढतच नाहीत. ज्याच्याकडे खांब, त्यावर चढण्याचा परवाना असलेली माणसे, दर महिन्याला प्रत्येक घरी जाणारे बिल आणि तीस वर्षांच्या मुदतीचे स्वस्त कर्ज या चारही गोष्टी आहेत, त्याच्याइतकी अनुकूलता ब्रॉडबँडमध्ये कोणालाच नाही.

वीज संस्थेने ब्रॉडबँडमध्ये उतरण्यावरचा पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो चॅटनूगात न्यायालयापर्यंत गेला. सार्वजनिक संस्थेने खासगी कंपनीशी स्पर्धा का करावी? तिला कर कमी, कर्ज स्वस्त, मग हा सामना बरोबरीचा कसा? कॉमकास्ट आणि राज्यातल्या केबल कंपन्यांच्या संघटनेने २००८ च्या सुमारास दावे लावले, ते टिकले नाहीत. आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. सार्वजनिक मालकीचा फायदा खरा आहे, म्हणूनच हिशेब वेगळे ठेवण्याची आणि तार वापरल्याचे पैसे देण्याची अट रास्त ठरते. पण हा आक्षेप घेणाऱ्यांनी दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. ईपीबीला आपल्या वीजहद्दीबाहेर इंटरनेट विकायला टेनेसीचा कायदा मनाई करतो. हद्दीला लागून असलेल्या ब्रॅडली काउंटीतल्या रहिवाशांना चांगले इंटरनेट मिळत नव्हते, ते ईपीबीकडे मागत होते, ईपीबी द्यायला तयार होते. रस्त्याच्या अलीकडे जगातल्या सर्वांत वेगवान जाळ्यांपैकी एक आणि पलीकडे जवळजवळ काहीच नाही. संघीय दळणवळण आयोगाने फेब्रुवारी २०१५ मध्ये ही मनाई बाजूला सारली, पण ऑगस्ट २०१६ मध्ये अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकार नसल्याचा निकाल दिला. जिथे स्पर्धकच नाही, तिथे स्पर्धा बिघडेल म्हणून अडवणे याचे समर्थन करणे मला तरी जमत नाही. राज्याने २०१७ मध्ये वाट अर्धी उघडली. ग्रामीण वीज सहकारी संस्थांना ब्रॉडबँडची मुभा दिली, शहरी मंडळांची हद्द मात्र तशीच ठेवली.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि त्याला आकड्यांचे बळ आहे. असे प्रयोग बुडाले आहेत. त्याच टेनेसीत मेम्फिसच्या सार्वजनिक वीज, गॅस व पाणी संस्थेने खासगी भागीदारांसह मेम्फिस नेटवर्क्स नावाची फायबर कंपनी काढली, तीत सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर घातले, आणि २००७ मध्ये कंपनी विकली तेव्हा त्यातले अगदी किरकोळ पैसे परत मिळाले. युटातल्या प्रोव्हो शहराने सुमारे चार कोटी डॉलर कर्ज काढून घरोघर फायबर नेले. नेटवर्क एकदा विकले, ते पुन्हा अंगावर आले, आणि शेवटी २०१३ मध्ये गूगलला एक डॉलरला दिले. कर्ज मात्र शहराकडेच राहिले. ते फेडण्यासाठी नागरिकांच्या मासिक बिलात ५ डॉलर ३५ सेंटचा आकार लागला होता, इंटरनेट घेतलेले असो वा नसो. व्हर्जिनियातल्या मॅनासस शहराने तर वेगळी तार नकोच म्हणून विजेच्याच तारांतून इंटरनेट पाठवायचा मार्ग धरला. त्या उघड्या तारा अँटेनासारख्या वागू लागल्या, हौशी रेडिओवाल्यांनी तक्रारी केल्या, वेगात केबल पुढे निघून गेली आणि २०१० मध्ये सेवा बंद झाली.

ही उदाहरणे माझ्या म्हणण्याला छेद देतात की पुष्टी? मेम्फिसची कंपनी मुख्यतः उद्योगांना आणि इतर दूरसंचार कंपन्यांना तंतू विकायला निघाली होती. दूरसंचाराचा फुगा फुटला तेव्हा तिला दुसरा आधार नव्हता. प्रोव्होच्या बाबतीत राज्याच्या २००१ च्या कायद्यामुळे शहराने स्वतः किरकोळ विक्री न करता घाऊक मार्ग धरला, आणि घरापर्यंतच्या जाळ्याचा अख्खा भार दुबळ्या खासगी विक्रेत्यांच्या वर्गणीवर आला. वर्गणी कमी पडली की कर्जफेडीला उत्पन्नच नाही. चॅटनूगात वर्गणी कमी पडली असती तरी रोज चालणारे बाराशे स्विच होते. मॅनाससचा धडा तांत्रिक आहे. वीज वाहणारी तार आणि संदेश वाहणारी तार वेगळीच हवी. या तिन्हींवरून मला दिसते ते एवढेच, की वीज संस्था केवळ खांबांची मालक म्हणून इंटरनेटमध्ये उतरली तर ती इतर कोणत्याही नवख्या कंपनीइतकीच असुरक्षित असते. घाऊक की किरकोळ हा वाद यात दुय्यम आहे. आयर्लंडच्या सरकारी वीज संस्थेने व्होडाफोनबरोबर सिरो ही कंपनी काढून ४५ कोटी युरोंच्या योजनेने केवळ घाऊक जाळे उभारायला घेतले. तिथे भागीदार म्हणून एक मोठा ग्राहक पहिल्या दिवसापासून ठरलेला होता.

तिसरा आक्षेप आजचा आहे. मोबाइल पाचव्या पिढीत गेला, उपग्रहावरून इंटरनेट मिळू लागले, मग खांबावर तार चढवत बसायचे कशाला? पण मोबाइलचा मनोरा हवेतून बोलतो तो शेवटचा टप्पा. त्या मनोऱ्यापर्यंतची वाढती वाहतूक पेलायला फायबरच सर्वांत योग्य, आणि पिढी पुढे सरकली की मनोरे जवळजवळ येतात, फायबर जास्तच लागते. दुर्गम वस्त्यांना उपग्रह उपकारकच आहे. तरी एका उपग्रहाच्या टप्प्यातले सगळे ग्राहक तीच क्षमता वाटून घेतात, आणि दाट वस्तीत ती पुरत नाही. याच आक्षेपाची दुसरी बाजू मात्र मान्य करायलाच हवी. वीज आणि इंटरनेट एकाच खांबावर असले तर खांब पडला की दोन्ही जाते. १२ एप्रिल २०२० च्या रात्री चॅटनूगाच्या पूर्व भागातून टोर्नेडो गेला तेव्हा हेच झाले. खांब मोडले, तारा तुटल्या, आणि सगळे परत उभे करायला कितीतरी दिवस लागले. स्विच कितीही हुशार असला तरी नसलेल्या खांबावर तो काय करणार?

लाभाचे मोजमाप कसे करायचे हाही वादाचा मुद्दा आहे. टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा शाखेतले अर्थतज्ज्ञ बेंटो लोबो यांनी २०२० मध्ये पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला. त्यात समाजाला झालेला लाभ २६९ कोटी डॉलर आणि नव्या नोकऱ्या साडेनऊ हजारांच्या आसपास निघाल्या. अशा अभ्यासांकडे सावधपणे पाहावे. फोक्सवॅगनचा कारखानाही याच काळात चॅटनूगात आला, मंदीही याच काळात ओसरली, आणि फायबर नसते तर काय झाले असते हे प्रयोगशाळेत तपासता येत नाही. तरी या लाभात वीजपुरवठा खंडित होणे टळल्याने झालेली बचत हा मोठा घटक आहे, आणि तो मोजणे त्यातल्या त्यात सोपे आहे. मला जास्त पटणारा पुरावा मात्र दुसराच आहे. २०२० च्या उन्हाळ्यात शाळा बंद असताना ईपीबी आणि चॅटनूगा ज्यात येते त्या हॅमिल्टन काउंटीच्या शाळांनी मिळून गरीब कुटुंबांतल्या सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांच्या घरी मोफत ब्रॉडबँड देण्याची योजना जाहीर केली. इतर शहरांत मुले दुकानांच्या वाहनतळावर बसून वायफाय शोधत होती. इथे शाळेकडे विद्यार्थ्यांचे पत्ते होते, मंडळाकडे त्या पत्त्यांपर्यंत पोहोचलेली तार होती. प्रत्येक घर आपलेच, असे धरून जाळे विणले असेल तरच काही आठवड्यांत असे काही करता येते.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात आता हाच मार्ग वीज सहकारी संस्थांनी धरला आहे. दोनशेहून अधिक संस्था ब्रॉडबँडमध्ये आहेत किंवा त्या वाटेवर आहेत. मिसिसिपीने २०१९ मध्ये कायदा बदलून आपल्या संस्थांना ती मुभा दिली. ज्या आजोबांनी १९३० च्या दशकात खांबांसाठी वर्गणी भरली, त्यांच्या नातवंडांची तीच सभासद संस्था आता फायबर टाकते आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा सहकार लगेच कळेल.

भारतात ही कल्पना परकी नाही. पॉवरग्रिड या सरकारी पारेषण कंपनीच्या उच्चदाब मनोऱ्यांच्या शेंड्यावर जी आकाशातल्या विजेपासून संरक्षण देणारी तार असते, तिच्या पोटातच फायबर घातलेले असते. राज्याराज्यांची भारप्रेषण केंद्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून ती आली, आणि उरलेले तंतू पॉवरग्रिड दूरसंचार कंपन्यांना भाड्याने देते. इथेही आधी वीज, मग दळणवळण. केरळने पुढचे पाऊल टाकले. ५ जून २०२३ रोजी सुरू झालेल्या के-फॉन या राज्याच्या ब्रॉडबँड जाळ्याची मालकी मुख्यतः राज्याचे वीज मंडळ आणि राज्याची माहिती-तंत्रज्ञान पायाभूत संस्था यांच्याकडे निम्मी-निम्मी आहे, आणि तिची केबल विजेच्या खांबांवरून जाते. उद्दिष्ट ३० हजार सरकारी कार्यालये आणि २० लाख गरीब कुटुंबे. पहिल्या टप्प्यात मात्र प्रत्येक मतदारसंघात शंभर या हिशेबाने १४ हजार कुटुंबेच धरली होती. हे अंतर पाहिले की मला काळजी वाटते. मोफत जोडणीचे वचन मोठे होते, आणि तारेतून विजेच्या कामाचा किती फायदा काढायचा याबद्दलची चर्चा त्या मानाने थोडी झाली. वचन पूर्ण करायला अनुदान लागते. विजेची बचत मात्र स्वतःच दरवर्षी येत राहते.

महाराष्ट्रात यावर लगेच उठणारा प्रश्न उघड आहे. ज्या वितरण कंपन्या थकबाकी आणि कर्जाने वाकल्या आहेत, ज्यांच्या खांबांवर आधीच केबलवाल्यांच्या तारांचे जाळे लोंबते आहे, त्यांनी इंटरनेट विकायला निघायचे? मी तसे म्हणणार नाही. घरोघर इंटरनेट विकण्यासाठी लागणारी तक्रारनिवारणाची चपळाई आणि भांडवल आज त्यांच्याकडे नाही, आणि मेम्फिस-प्रोव्होसारखा तोटा आपल्या वीजग्राहकाला झेपणारा नाही. पण फायबर टाकणे आणि इंटरनेट विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने हा विचार कधीच करून ठेवला आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५१ नुसार वितरण परवानाधारकाला वीज नियामक आयोगाला आधी कळवून आपल्या मालमत्तेच्या पुरेपूर वापरासाठी दुसरा व्यवसाय करता येतो. त्या उत्पन्नाचा ठराविक भाग वहन आकार कमी करण्यासाठी वापरावा लागतो. हिशेब वेगळे ठेवावे लागतात. वितरणाच्या धंद्याने त्या व्यवसायाला पैसा पुरवायचा नाही आणि वितरणाची मालमत्ता त्याच्यासाठी अडकवायची नाही. टेनेसीने चॅटनूगाला घातलेल्या अटी आणि आपल्या या अटी जवळजवळ सारख्याच आहेत.

नेमक्या याच वेळी २०२१ च्या केंद्रीय वितरण सुधारणा योजनेखाली देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट आहे. त्याची कंत्राटे प्रतिमीटर मासिक रकमेवर दिली जातात आणि मीटरचे वाचन बहुतेक ठिकाणी मोबाइलच्या किंवा रेडिओच्या जाळ्यावरून येते. म्हणजे संवादाचे भाडे वर्षानुवर्षे दुसऱ्याला जात राहणार, आणि शेवटी वितरण कंपनीच्या हाती स्वतःची तार उरणार नाही. मीटरपुरते बोलायचे तर हे चालून जाईल, कारण वाचन दहा मिनिटे उशिरा आले म्हणून कोणाची लाईट जात नाही. फीडरवरच्या स्विचांना मात्र ही ढिलाई चालणार नाही. पावसाळ्यात कोकणात आणि घाटमाथ्यावर एकेक फीडर तासनतास बंद राहतो, आणि वायरमन भर पावसात दोष शोधत डोंगर चढतो. सुरुवात तिथून व्हावी. आधी उपकेंद्रे फायबरने जोडायची, मग ज्या फीडरवर सर्वाधिक बिघाड होतो त्यावर स्वयंचलित स्विच आणि त्यांच्यापर्यंत तंतू न्यायचे, आणि ही तार टाकतानाच तिच्यात जास्तीचे तंतू घालायचे. ते केंद्राच्या भारतनेट या ग्रामीण ब्रॉडबँड प्रकल्पाला, स्थानिक केबलवाल्याला, मोबाइल कंपनीला, जो रास्त भाडे देईल त्याला समान अटींवर द्यायचे. खांबावर सध्या जे विनापरवाना लोंबते आहे त्याचीही मोजदाद त्याच निमित्ताने करायची, आणि त्याच्याकडून भाडे घ्यायचे किंवा ते उतरवायचे. किती तास अंधार कमी झाला याचा फीडरनिहाय आकडा दरवर्षी वीज नियामक आयोगापुढे मांडायचा, आणि तो पटल्याशिवाय पुढच्या फीडरसाठी पैसे मागायचे नाहीत.